कोठाराची किल्ली कुणाच्या कंबरेला?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, दोनचार ठिकाणी वाक्यं सरळ केलीत एवढंच.)



विषय दिलाय 'शेतीचा उगम आणि समाजरचना'. असला विषय ऐकला की मागच्या बाकावरची पोरं चहाला सटकतात. सटकू नका. हा विषय आपल्या रोजच्या भांडणातला आहे. गावात पाटलाच्या ओट्यावर म्हणा, शहरात ऑफिसच्या कँटीनमध्ये म्हणा, आपल्याला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं : 'अहो, उच्चनीच जगात पहिल्यापासूनच आहे. हाताची पाची बोटं सारखी असतात का?' बोटांचं नंतर बघू. आज मला हे 'पहिल्यापासून' धरायचंय. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? साल सांगा. जागा दाखवा.

तर साल आणि जागा बऱ्यापैकी सांगता येते. ती पोथीत नाही, मातीत आहे.

तुमच्याआमच्यासारखा माणूस या पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षं हिंडतोय. शेती अलीकडची, साडेअकरा हजार वर्षांच्या आतबाहेरची. माणसाचं सगळं आयुष्य एक दिवस धरलं, तर शेती रात्री अकरा वाजून गेल्यावर सुरू झाली. त्याआधीचा माणूस काही देवदूत नव्हता. मारामाऱ्या होत्या, रुसवेफुगवे होते. पण सतत मुक्काम हलवणाऱ्या टोळीत कुणी श्रीमंत होणार ते कशाच्या जोरावर? पाठीवर मावेल तेवढीच इस्टेट. मोठी शिकार पडली तर वाटायची, कारण ती उद्या सडणार. आणि उद्या माझ्या बाणाला काही लागलं नाही तर मला तुझ्याच दारात यायचंय.

मग शेती आली आणि सगळं बिघडलं, असं आपल्यातले काही कॉम्रेड एका दमात सांगतात. एंगल्सनं १८८४ साली कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर पुस्तक लिहिलं, ते वाचलेले असतात. वाचावंच. पण एंगल्सच्या हाताशी तेव्हा उत्खननातली हाडं आणि दाणे नव्हते. आज आपल्याकडे आहेत. गॉर्डन चाइल्ड नावाच्या पुरातत्त्वज्ञानं १९३६ साली शेतीच्या उगमाला 'क्रांती' म्हटलं. (त्याच साली बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनाचं न झालेलं भाषण पुस्तकरूपानं बाहेर आलं. योगायोग.) आपल्याला क्रांती हा शब्द लई आवडतो. पण ही क्रांती रातोरात झाली नाही. ती दोनतीन हजार वर्षं रेंगाळली.

कशी, ते बघा. रानातल्या गव्हाची ओंबी पिकली की फुटते. दांडा ठिसूळ, दाणे आपोआप जमिनीवर गळतात आणि पुढच्या पावसात उगवतात. त्याला माणसाची गरज नाही. पण क्वचित एखादं रोप असं निघतं की ज्याचे दाणे पिकूनही दांड्याला चिकटून राहतात. रानात हे रोप बिनकामाचं, त्याचा वंश खुंटणार. माणूस मात्र गारगोटीचं पातं बसवलेला विळा घेऊन कापायला येतो, तेव्हा गळलेले दाणे मातीत जातात आणि चिकटलेले त्याच्या टोपलीत येतात. तेच तो पुढच्या वर्षी पेरतो. असं शेकडो पिढ्या चाललं. शेवटी पीक असं झालं की ते माणसानं झोडपल्याशिवाय दाणे सोडत नाही आणि माणसानं पेरल्याशिवाय उगवत नाही. आणि माणूसही असा झाला की पेरलं ते सोडून त्याला जाता येत नाही. गव्हाला माणसानं बांधलं की माणसाला गव्हानं, हा वाद तुम्ही नाक्यावर घाला.

धान्याचा स्वभाव मात्र नीट ध्यानात घ्या. रताळं, कंद जमिनीखाली असतो. लागेल तसा काढायचा, कुणाला दिसत नाही. धान्य जमिनीवर उभं राहतं, सगळं एकदम पिकतं, लांबून दिसतं, वाळवलं की वर्षभर टिकतं, मापात मोजता येतं, पोत्यात भरून नेता येतं. म्हणजे लुटायला, वसूल करायला आणि साठवून दुसऱ्याला तंगवायला असलं सोयीचं अन्न दुसरं नाही. जेम्स स्कॉट या अमेरिकन अभ्यासकानं २०१७ सालच्या पुस्तकात हेच मांडलं, की सुरुवातीची राज्यं धान्यावर उभी राहिली, कंदमुळांवर नाही. शेतसारा घेणाऱ्याला सुगी कधी ते कळतं, खळं कुठंय ते दिसतं. बस्स.

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. गोम नांगरात नाही, कोठारात आहे. याला एक नामी पुरावा देतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जमाती शेती करत नव्हत्या. मोसमात नदीत चढणारा सामन मासा पकडायच्या, धुरी देऊन वाळवायच्या आणि साठवायच्या. शेताचा तुकडा नाही, तरी त्यांच्यात सरदार होते आणि गुलामही होते. उलट शेती असून सरदार नाही, असं गाव मी पुढं दाखवतो.

आता कोठाराचा प्रवास बघा. जॉर्डनमध्ये धरा नावाचं ठिकाण आहे. तिथं सुमारे ११,३०० वर्षांपूर्वीची कोठारं सापडली. गोल बांधणी, आणि जमीन अधांतरी उचललेली, म्हणजे खालून वारा खेळावा आणि उंदीर लागू नयेत. आतलं धान्य अजून रानटीच होतं. म्हणजे पीक पुरतं माणसाळायच्या आधी कोठार आलं! आणि हे कोठार कुठं? कुणाच्या घरात नाही. घरांच्या मध्ये, उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर. पुढं हजार-दीड हजार वर्षांनी त्याच भागात साठवणीची जागा घराच्या भिंतीच्या आत गेलेली दिसते. माझं धान्य माझ्या घरात. भिंत एकच, पण त्या भिंतीनं केवढं काम केलं! आता शेजाऱ्याकडे किती आहे ते दिसत नाही. मागायचं तर दार वाजवावं लागतं.

बायकांचं काय झालं, ते सीरियातल्या अबू हुरेराची हाडं सांगतात. युफ्रेटिसच्या काठावरचं हे गाव १९७२-७३ साली घाईघाईनं खणलं, कारण धरणाचं पाणी चढत होतं. आज ते जलाशयाखाली आहे. (विस्थापित फक्त जित्तीच माणसं होतात असं नाही.) तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलेसन या संशोधिकेनं १९९४ साली प्रसिद्ध केला. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, कमरेचे मणके बिघडलेले, आणि हे मुख्यतः बायकांचे. का? पाट्यासारख्या दगडापुढं गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून, पुढंमागं रेटा देत रोज तासन्‌तास दळायचं. त्या गावात राजा नव्हता, सावकार नव्हता, पुरोहितशाही नव्हती. पण हे दळण नेमून दिलेलं होतं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे बघा आणि मग आदिम साम्यवादावर भाषण ठोका.

अजून एक. मुक्काम हलवणाऱ्या बाईला एक पोर चालायला लागेपर्यंत दुसरं परवडत नाही. गाव वसलं, पोराला पेज भरवता यायला लागली, अंगावरचं दूध लवकर तुटलं, तसं बाळंतपणातलं अंतर कमी झालं. पोरं जास्त जन्मली आणि जास्त मेलीही. गर्दी, उकिरडा, जनावरांचे रोग. लोकसंख्या वाढत गेली ती या मरणांच्या वर. आणि एकदा तोंडं वाढली की परत रानात जाता येत नाही. रान तेवढ्यांना पोसत नाही.

आता ते बिनसरदाराचं गाव. तुर्कस्तानात कोन्याच्या मैदानावर चाताल्होयूक. इसवी सनापूर्वी ७१०० च्या सुमारास वसलं आणि हजार वर्षांहून जास्त टिकलं. गव्हाची शेती, शेळ्यामेंढ्या, एकमेकांना चिकटलेली शेकडो घरं. गल्ल्या नाहीत; छपरावरून चालायचं आणि शिडीनं घरात उतरायचं. आपल्या झोपडपट्टीतल्या पोराला हे सांगायला नको! पण तिथं राजवाडा सापडला नाही. मोठं देऊळ नाही, सरकारी कोठार नाही. घरं साधारण सारखी, प्रत्येक घराला आपली कणगी. मेलेल्यांना घराच्याच जमिनीखाली पुरत. बायका आणि पुरुष यांच्या हाडांवरून दोघांचं खाणं जवळपास सारखं होतं असं दिसतं, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात एकाच घरात पुरलेल्यांची नाती बऱ्याचदा आईच्या बाजूनं जुळली. स्वर्ग नव्हता तोही. पण हजार वर्षं शेती करूनही त्यांनी कुणाला डोक्यावर बसवून घेतलं नाही. 'शेती आली की वर्ग येणारच, वर्ग आला की जात येणारच' असं एखाद्या आगगाडीच्या डब्यांसारखं जे सांगतात, त्यांनी या गावाचं काय करायचं ते सांगावं.

आणि जिथं बसवून घेतलं, तिथंही बघू. आजच्या इराकच्या दक्षिणेला उरुक. इसवी सनापूर्वी ३३०० च्या आसपास जगातलं सगळ्यात जुनं लिखाण तिथं मातीच्या पाट्यांवर झालं. मुलांनो, तुम्ही कविता लिहिता, म्हणून सांगतो : ते काव्य नव्हतं. जव किती आले, किती वाटले, बिअरला किती लागले. हिशोब! एक नाव पुन्हापुन्हा येतं, कुशिम. ते माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर पंडितांचं एकमत नाही. पण काम नक्की आहे : जवाच्या कोठाराचा कारभार. म्हणजे लिखित इतिहासात आधी राजा आला नाही, आधी कोठावळा आला. तिथंच ओबडधोबड मातीचे वाडगे हजारोंनी सापडतात, साच्यातून काढलेले. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते मजुरांना शिधा मोजून द्यायचे. 'खाणं' लिहायचं चिन्ह काय? माणसाचं डोकं आणि त्याच्यापुढं वाडगा. गुलाम बाईचं चिन्ह : बाई आणि डोंगर. डोंगरापलीकडून धरून आणलेली. हिशोबाशिवाय दुसरं काय लिहिलं, तर शब्दांच्या याद्या. त्यातली एक यादी हुद्द्यांची आणि धंद्यांची, वरून खाली, साधारण मानाप्रमाणे. ती शिकाऊ लेखनिक पुढं शेकडो वर्षं गिरवत राहिले. आधी धान्य मोजलं, मग माणसं लावली उतरंडीला.

हे झालं परदेशातलं. पश्चिम आशियातले गहू आणि जव बलुचिस्तानातल्या मेहरगढासारख्या गावांतून पुढं सरकत काही हजार वर्षांनी आपल्या दख्खनमध्ये पोचले. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. नावच बघा, इनाम! डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं खोदलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं ठाऊक असू द्या. म्हणजे १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राला जाळत होता, आपली माणसं खडी फोडून मिलो खात होती, मुंबईत पँथर जन्माला येत होती, आणि त्याच वर्षांत या टेकाडाखालून महाराष्ट्रातले सगळ्यात आधीच्या शेतकऱ्यांपैकी काही बाहेर येत होते. दोन्ही बाजूंना एकमेकांची खबर नव्हती, हे आपलं दुर्दैव.

इनामगावात वस्ती होती साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. जव हे मुख्य पीक; गहू, मसूर, वाटाणा, कुळीथही. पुराचं पाणी वळवायला पाट आणि दगडमातीचा बांध. बांध एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कुणीतरी माणसं जमवली, कुणीतरी पाणी कुणाला ते ठरवलं. आणि वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर. बाकीची घरं एकदोन खोल्यांची. त्या पाच खोल्यांना लागून काय? कोठार! धराच्या वेळी घरांच्या मध्ये उघड्यावर असलेलं कोठार इथं एका घराला चिकटलं. ढवळीकरांचा कयास असा की हे घर प्रमुखाचं, आणि लोकांचं धान्य देणं म्हणून त्याच्याकडे जमा होई. मुठीमुठीनं आलेलं दुष्काळात परत वाटलंही जात असेल. पण वाटणारा तो, आणि कुणाला किती हे ठरवणाराही तोच.

मेल्यावरचा भेद त्याहून बोलका. इनामगावात मोठ्या माणसाला आडवं पुरायचे, आणि पावलं घोट्याखाली तोडायचे. का, तर बहुधा मेलेला परत चालत येऊ नये. पण पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा एक कच्च्या मातीचा रांजण सापडला. आत चाळिशीच्या आसपासचा पुरुष, मांडी घालून बसवलेला. त्याची पावलं शाबूत! गावातल्या बाकीच्यांनी परत येऊ नये, यानं आलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट. मध्यावर सधन घरं, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला. आता कुजबूज सुरू झाली इथं, ऐकू येतेय मला. 'म्हणजे तेव्हाही गावकुसाबाहेर!' थांबा. घाई करू नका. काठावर सोनारही आहे, आणि गावकुसाबाहेर कुणी नाही. शिवाशिवीचा कसलाही पुरावा तिथं नाही. उंच घर आहे, कडेचं घर आहे, विटाळ नाही. पुढं इसवी सनापूर्वी हजारनंतर पाऊस हटला असावा. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, गहू गेला, शिकार वाढली, आणि शेवटी वस्ती उठली. कोठाराचा मालकही गेला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मातीतून आजच्या जातीचा दाखला काढायचा, हा धंदा भटांनी करावा, आपण नाही.

इथं बाबासाहेबांचा १९४८ सालचा ग्रंथ काढा, अस्पृश्य मूळचे कोण होते हा. आपण त्याचं नाव घेतो, वाचत कमी. त्यात ते शेतीपासूनच सुरुवात करतात. काही टोळ्या स्थिर झाल्या, त्यांच्याजवळ धान्य आलं. काही अजून भटक्या, त्या धान्यावर टपलेल्या. लढायांत टोळ्या फुटल्या, फुटून पांगलेली माणसं उरली. त्यांना आसरा हवा, स्थिर झालेल्यांना राखणदार हवे. म्हणून ही परकी माणसं गावाच्या कडेला राहिली, राखण केली, बदल्यात सुगीला धान्याचा वाटा मिळाला. पुरावा तुटतो तिथं अनुमानानं दुवा जोडावा लागतो, हे बाबासाहेबांनी स्वतःच सांगून ठेवलंय. इनामगावात या सिद्धांताचा पुरावा शोधू नका, तिथं तो नाही. पण त्यांची विचारपद्धत बघा. बाहेर राहणं एक, आणि अस्पृश्य ठरणं दुसरं. दुसऱ्याचा काळ त्यांनी इसवी सन ४०० च्या सुमाराला धरला, आणि कारण धान्य नाही दिलं. बौद्ध धम्माचा द्वेष आणि गोमांस दिलं. कोठारानं उंच-खालचं केलं. त्या खालच्याला शिवायचं नाही, हे ठरवायला कोठार पुरत नाही. त्याला धर्म लागला. दख्खनमधल्या पहिल्या शेतीत आणि या सालात दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. म्हणून 'जमीन वाटली की जात आपोआप जाईल' म्हणणाऱ्या कॉम्रेडना आणि 'जातीचा पोटाशी काय संबंध' म्हणणाऱ्या आपल्याच पोरांना, दोघांनाही हा ग्रंथ अडचणीचा आहे.

पोटाशी संबंध कसा, ते खळ्यात बघा. बलुत्याच्या काळात मळणी झाली की बलुतेदार खळ्याच्या कडेला उभे. माप कुणबी घालणार. कुणाला आधी, कुणाला शेवटी, कुणाला स्वच्छ दाणे आणि कुणाला खळ्यातली माती मिसळलेले, हे सगळं ठरलेलं. माझी आजी सांगायची, पेव उघडलं की आत कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो, म्हणून आधी आपल्याच माणसाला दोर बांधून उतरवायचे. आणि तळाचं कुजकं, काळं पडलेलं धान्य मजुरी म्हणून द्यायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं, ते याच्याच मुळावर होतं : राबणाऱ्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर, खळ्याच्या कडेवर टांगलेला नको. कनिष्ठ गाववतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. आणि आज शहरात रेशनच्या दुकानात म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण धुणीभांडी करून तो झिजलाय, आणि तिला धान्य न घेता परत पाठवतात. उरुकचा वाडगा आठवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पण त्याआधी एक काम सांगतो. इनामगावच्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. एखाद्या गटानं जाऊन या. गाडीभाडं वर्गणीतून काढू. तिथं इनामगावच्या मडक्यांपाशी थांबा. त्या गावात पोर मेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. चार पायांच्या रांजणात बसलेला सांगाडा एकच निघाला. अशी मडकी मात्र घराघरातून निघाली, मोठ्या माणसांच्या पुरणापेक्षा कितीतरी जास्त.